वनस्पती असली तरी औषधच: अर्धशिशी आणि फीव्हरफ्यूची पानं

अर्धशिशीवर दोन तऱ्हेची औषधं असतात: डोकं उठल्यावर घ्यायची आणि ते उठूच नये म्हणून रोज घ्यायची. पहिल्या तऱ्हेची औषधं घरोघरी असतात आणि तीच अनेकदा घात करतात. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेनसारख्या साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यातून १५ किंवा त्याहून अधिक दिवस, आणि ट्रिप्टान गटातल्या अर्धशिशीच्या गोळ्या किंवा दोन-तीन औषधं एकत्र केलेल्या गोळ्या १० किंवा त्याहून अधिक दिवस पोटात जाऊ लागल्या, की काही महिन्यांत त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. म्हणून महिन्याला चार किंवा त्याहून जास्त दिवस अर्धशिशीत जात असतील, तर डॉक्टर प्रतिबंधक औषधाचा विचार करतात. पण या दुसऱ्या तऱ्हेतली जुनी औषधं मुळात इतर आजारांसाठी निघालेली आहेत. प्रोप्रॅनोलॉल रक्तदाबाचं, अमिट्रिप्टिलिन नैराश्याचं, टोपिरामेट आणि व्हॅल्प्रोएट फिट्सचं. कुणाला दिवसभर झोप येते, कुणाचं वजन वाढतं, कुणाला बोलताना शब्द आठवत नाहीत. अनेक जण दोन-तीन महिन्यांत कंटाळून ती सोडतात. अशा वेळी ‘झाडपाल्याचं काही नाही का?’ हा प्रश्न अडाणीपणातून आलेला नसतो. शरीराला रोज सोसेल असं काहीतरी हवं असतं, आणि ती मागणी रास्त आहे.

या प्रश्नाचं उत्तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ इतकं सोपं नाही. वनस्पतीतून अर्धशिशी कमी होऊ शकते, याला काही प्रमाणात पुरावा आहे. पण ज्या दोन वनस्पतींचा या कामासाठी सर्वात जास्त अभ्यास झाला, त्यांच्या इतिहासातून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. वनस्पतीकडून औषधाचं काम करून घ्यायचं असेल, तर तिला औषधाचेच नियम लावावे लागतात: आत काय आहे, किती आहे, किती महिने घ्यायचं, फायदा कसा मोजायचा आणि कधी थांबायचं. वनस्पती आहे म्हणून यातल्या एकाही नियमातून सूट मिळाली, तर फायदा हातात येत नाही आणि धोका मात्र लपून राहतो.

पहिली वनस्पती फीव्हरफ्यू. आपल्या शेवंतीच्या जवळच्या नात्यातली, गुडघ्याएवढी वाढणारी, कडवट वासाच्या चिरलेल्या पानांची आणि पिवळ्या मध्याभोवती पांढऱ्या पाकळ्या असलेल्या लहान फुलांची. मूळची आग्नेय युरोप आणि आसपासच्या प्रदेशातली, पुढे इंग्लंडच्या बागांमध्ये सगळीकडे पसरलेली. ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीसच्या काळापासून ती औषधात आहे, पण ताप, स्त्रियांच्या तक्रारी, सांधेदुखी अशा अनेक कारणांसाठी. अर्धशिशीशी तिचं नाव पक्कं जोडलं गेलं ते १९७० नंतरच्या ब्रिटनमध्ये. रोज दोन-चार पानं चावून खाल्ल्यावर डोकेदुखी कमी झाल्याचं एकाने दुसऱ्याला सांगितलं, वर्तमानपत्रांत ते छापून आलं आणि बघता बघता हजारो लोक बागेतली पानं खाऊ लागले. पानं इतकी कडू की बरेच जण ती पावात घालून खात. लंडनच्या ‘सिटी ऑफ लंडन मायग्रेन क्लिनिक’मधले डॉ. स्ट्यूअर्ट जॉन्सन यांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली नाही. त्यांनी आधी पानं खाणाऱ्यांची पाहणी केली आणि मग प्रयोग केला. लोकांच्या अनुभवाला मान देण्याची हीच पद्धत मला योग्य वाटते. अनुभव झटकून टाकायचा नाही आणि डोळे मिटून स्वीकारायचाही नाही, तो तपासाला घ्यायचा.

१९८५ साली प्रसिद्ध झालेला तो प्रयोग अवघ्या १७ माणसांवर झाला. ही सगळी आधीपासून रोज पानं खाणारी होती. त्यातल्या आठ जणांना फीव्हरफ्यूच्या पुडीची कॅप्सूल मिळाली आणि नऊ जणांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली, म्हणजे प्लासिबो. ज्यांची पानं अशी नकळत बंद झाली त्यांची डोकेदुखी वाढली, मळमळ आणि उलट्याही वाढल्या. निष्कर्ष उघड वाटतो: पानं उपयोगी होती. पण जरा थांबून पाहिलं तर इथे एक खोच आहे. वर्षानुवर्षं रोज घेतलेला पदार्थ अचानक तोडला तर तोडण्याचाच त्रास होऊ शकतो. फीव्हरफ्यू एकदम बंद करणाऱ्या काही जणांना डोकेदुखी, अस्वस्थपणा, झोपमोड आणि सांधे आखडणं असा त्रास होतो, हे त्याच सुमारास नोंदलं गेलं होतं. मग त्या नऊ जणांची डोकेदुखी वाढली ती संरक्षण गेल्यामुळे, की सवय तुटल्यामुळे? त्या प्रयोगातून हे ठरवता येत नाही. शिवाय ज्यांना पानांचा गुण आला तेच वर्षानुवर्षं ती खात राहतात. ज्यांना आला नाही ते केव्हाच गळालेले असतात. अशा निवडक माणसांवरून सगळ्यांबद्दल बोलता येत नाही.

तीन वर्षांनी, १९८८ मध्ये, नॉटिंगहॅममध्ये अधिक बंदोबस्ताचा प्रयोग झाला. ७२ जणांना चार महिने वाळलेल्या पानांची रोज एक कॅप्सूल आणि चार महिने प्लासिबो असं आळीपाळीने देण्यात आलं. पानांच्या काळात झटके सुमारे २४ टक्क्यांनी कमी आले, उलट्याही कमी झाल्या. आलेला झटका मात्र पूर्वीइतकाच वेळ टिकत होता. आशा वाढली. पण १९९६ मध्ये नेदरलँड्समध्ये पानांचा अल्कोहोलमधला अर्क वापरून प्रयोग झाला, तेव्हा प्लासिबोपेक्षा काहीच जास्त गुण दिसला नाही. पुढे जर्मनीत कार्बन डायऑक्साइडच्या साहाय्याने काढलेला एक स्थिर अर्क तयार झाला. २००२ च्या पहिल्या चाचणीत तीन वेगवेगळ्या मात्रा देऊन पाहिल्या. एकूण रुग्णांत ठोस फरक दिसला नाही, फक्त ज्यांना महिन्याला निदान चार झटके येत होते त्यांच्यात मधल्या मात्रेचा उपयोग जाणवला. त्या धाग्यावरून २००५ मध्ये मोठी चाचणी झाली: दिवसातून तीनदा ६.२५ मिलिग्रॅम, १६ आठवडे. अर्क घेणाऱ्यांचे महिन्याचे झटके ४.८ वरून २.९ वर आले. प्लासिबो घेणाऱ्यांचे ४.८ वरून ३.५ वर आले.

हे शेवटचे दोन आकडे नीट पाहण्यासारखे आहेत. प्लासिबो घेणाऱ्यांचेही महिन्याला १.३ झटके कमी झाले. यात फसवणूक कुठेच नाही. अर्धशिशी भरती-ओहोटीने येते. माणूस उपचाराला जातो तो त्रास टिपेला पोचल्यावर, आणि टिपेवरचा त्रास कुठल्याही औषधाशिवाय काही प्रमाणात उतरतोच. त्यात उपचार सुरू झाल्याचा दिलासा, नियमित झोपेकडे आणि जेवणाच्या वेळांकडे गेलेलं लक्ष, यांची भर पडते. म्हणून एखाद्या काढ्याने किंवा कॅप्सूलने ‘माझी अर्धशिशी निम्म्यावर आली’ असं कुणी प्रामाणिकपणे सांगितलं, तरी त्यातला किती वाटा औषधाचा, हे त्या सांगण्यातून कळत नाही. फीव्हरफ्यूचा स्वतःचा वाटा या चाचणीत महिन्याला ०.६ झटके इतका निघाला. कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये सहा चाचण्या, एकूण ५६१ रुग्ण, एकत्र ठेवून पाहिल्या आणि पुरावा कमी दर्जाचा असल्याचं नोंदवलं.

यावर पहिला आक्षेप असा येईल की महिन्याला अर्ध्याहून थोडा जास्त झटका वाचवण्यासाठी रोज तीन कॅप्सूल कोण गिळणार? मला हा आक्षेप पटत नाही. वर्षाचा हिशेब केला तर सात झटके होतात. ज्या बाईला एकेक झटका दोन-दोन दिवस अंधाऱ्या खोलीत पाडून ठेवतो, तिच्यासाठी ते वर्षातले पंधरवडाभर दिवस आहेत. शिवाय २०१८ पासून आलेली, खास अर्धशिशीसाठीच बनवलेली आणि अतिशय महागडी इंजेक्शनंसुद्धा प्लासिबोच्या तुलनेत महिन्याला साधारण एक ते दोन दिवस वाचवतात. प्रतिबंधक औषधांच्या दुनियेत सरासरी फायदा असाच माफक असतो, कारण काहींना भरपूर गुण येतो आणि काहींना अजिबात येत नाही. फीव्हरफ्यूची अडचण फायदा लहान असण्यात नाही. त्या इंजेक्शनांचा आकडा हजारो रुग्णांवर, एकाच ठरलेल्या द्रव्याने, पुन्हा पुन्हा तसाच निघाला. फीव्हरफ्यूचा आकडा मुख्यतः एका अर्कावर आणि एका चांगल्या चाचणीवर उभा आहे.

आणि बाजारातल्या बाटलीत तोच अर्क असतो असं नाही. फीव्हरफ्यूच्या पानात पार्थेनोलाइड नावाचं द्रव्य असतं. ते दाह वाढवणाऱ्या रासायनिक साखळीत अडथळा आणतं, प्लेटलेट पेशींतून सेरोटोनिन बाहेर पडणं कमी करतं, आणि इटलीतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं त्याप्रमाणे वेदनेच्या मज्जातंतूंवरच्या एका विशिष्ट दाराला आधी डिवचून मग बधिर करतं. त्यामुळे सीजीआरपी हा वेदनेचा रेणू कमी सुटतो. नवीन इंजेक्शनं नेमका याच रेणूचा मार्ग अडवतात, म्हणून या वनस्पतीकडे तिरकस नजरेने पाहण्याचं काही कारण नाही. पण हापूसची गोडी जशी बागेगणिक आणि मोसमागणिक बदलते, तसं पार्थेनोलाइडचं प्रमाण झाडाच्या वाणावर, तोडणीच्या वेळेवर, वाळवण्यावर आणि साठवण्यावर अवलंबून असतं. १९९२ मध्ये ब्रिटनच्या बाजारातल्या उत्पादनांची तपासणी झाली तेव्हा त्यांच्यातल्या प्रमाणात प्रचंड तफावत निघाली. शिवाय एकटं पार्थेनोलाइडच गुणकारी आहे, असंही सिद्ध झालेलं नाही. नेदरलँड्समधल्या चाचणीतल्या अर्कातही ते होतं. मग वेष्टनावर ‘फीव्हरफ्यू ४०० मिलिग्रॅम’ असं छापलेलं असलं, तरी त्यातून ग्राहकाला फार काही कळत नाही. भारतात अशा कॅप्सूल ऑनलाइन मिळतात त्या बहुधा अन्नपूरक म्हणून, आणि अमेरिकेत १९९४ च्या कायद्यानुसार अन्नपूरक विकण्यापूर्वी त्याचा गुण सिद्ध करण्याची सक्ती उत्पादकावर नाही. पार्सल परदेशातून आलं म्हणजे आतला माल तपासलेला आहे, असं समजायला आधार नाही.

दुसरी वनस्पती बटरबर. तिची गोष्ट अधिक गंभीर आहे, आणि या विषयावर लिहिताना ती टाळणं म्हणजे वाचकावर अन्याय होईल. युरोपातल्या नदीकाठच्या ओलसर जमिनीत वाढणारं हे मोठ्या पानांचं रोप. त्याच्या मुळापासून जर्मनीत तयार झालेल्या अर्काची चाचणी २००४ मध्ये २४५ रुग्णांवर झाली. चार महिन्यांत दिवसाला १५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचे झटके ४८ टक्क्यांनी घटले, १०० मिलिग्रॅमवाल्यांचे ३६ टक्क्यांनी, प्लासिबोवाल्यांचे २६ टक्क्यांनी. कुठल्याही प्रतिबंधक गोळीने अभिमान बाळगावा असा हा निकाल होता. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या आणि डोकेदुखीतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत बटरबरला सर्वोच्च श्रेणी मिळाली. फीव्हरफ्यूच्या जर्मन अर्काला त्याखालची. आणि तोवर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी जमत गेल्या होत्या. स्वित्झर्लंडने २००४ मध्येच ही उत्पादनं बाजारातून काढली होती, जर्मनीत २००९ मध्ये परवाना गेला, ब्रिटनच्या नियामकाने २०१२ मध्ये ती परत घ्यायला सांगितली. नोंदल्या गेलेल्या रुग्णांपैकी दोघांवर यकृत प्रत्यारोपणाची वेळ आली होती. २०१५ मध्ये त्या अमेरिकी सूचनाही मागे घेतल्या गेल्या. बटरबरमध्ये पायरोलिझिडिन अल्कलॉइड नावाची यकृताला विषारी द्रव्यं नैसर्गिकरीत्या असतात. अर्क काढताना ती वेगळी करता येतात, पण ती काढून टाकलेल्या उत्पादनांच्या बाबतीतही इजेच्या नोंदी आल्या. आज अर्धशिशीसाठी बटरबर कुणी सुचवलं, तर ते घेऊ नये, इतकं स्पष्ट म्हणायला माझ्या मते पुरेसा आधार आहे.

‘शतकानुशतकं लोक वापरत आले, धोका असता तर कळला नसता का?’ हा दुसरा आक्षेप, आणि तो आपल्याकडे सर्वात जास्त ऐकू येतो. परंपरेला जे कळतं ते खरोखरच कळतं: कशाने जुलाब होतात, कशाने झोप लागते, कुठला कंद खाल्ल्यावर घसा खाजतो. कारण परिणाम लगेच दिसतो आणि बहुतेकांना होतो. पण हजारांत एखाद्याला, तेही तीन-चार महिन्यांनी होणारी कावीळ रोज खाल्लेल्या मुळाशी कोण जोडणार? ती नोंदवहीशिवाय दिसत नाही. याच जातीच्या विषाचा एक भयंकर दाखला आपल्या देशात आहे. १९७० च्या दशकाच्या मध्यावर सरगुजा जिल्ह्यात, जो आज छत्तीसगढमध्ये आहे, गोंदली नावाच्या भरडधान्यात तागाच्या कुळातल्या एका रानटी झाडाचं बी मिसळलं गेलं. त्यातल्या पायरोलिझिडिन अल्कलॉइडमुळे यकृतातल्या बारीक शिरा बंद पडून ६७ जण आजारी पडले आणि त्यांपैकी २८ दगावले. ते धान्य पिकवणाऱ्यांना आपलं रान, आपलं तण पिढ्यान्‌पिढ्या माहीत होतं. तरीही पोट फुगण्याचं कारण ताटात आहे हे उलगडायला डॉक्टरांचा शोध लागला.

गुळवेलीवरून २०२१ मध्ये जो वाद झाला, त्यातही हाच मुद्दा होता. कोविडच्या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केलं. त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकेल, असं आयुष मंत्रालयाने म्हटलं. वाद कुणाच्या बाजूने सुटावा यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की मंत्रालयाचा बचाव खरा मानला तरी ग्राहकाच्या हातात नेमकी कुठली वेल पडते याची खात्री नव्हती, हे त्यातून मान्य होतं. गोळीच्या पट्टीवर द्रव्य, मात्रा आणि बॅच क्रमांक असतो. पाल्याच्या पुडीवर अनेकदा यातलं काहीच नसतं.

कुणी म्हणेल, डॉक्टरांच्या गोळ्या तरी कुठे निर्धोक आहेत? नाहीतच. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट घेतलं तर बाळाला गंभीर व्यंग येऊ शकतं, दमेकऱ्याला प्रोप्रॅनोलॉल चालत नाही. पण हे आपल्याला माहीत आहे, कारण कुणीतरी मोजलं, छापलं आणि लिहून देणाऱ्याला बजावलं. तसंच, पेटंट मिळत नाही म्हणून कंपन्या वनस्पतींवर पैसा घालत नाहीत, ही तक्रारही बरीचशी खरी आहे. मग तो पैसा सरकारने घालावा. आयुर्वेदाने अर्धावभेदक म्हणून जो आजार वर्णिला त्यावरच्या उपचारांची, काही शे रुग्णांवर, निदान चार महिने, प्लासिबोशी तुलना करणारी चाचणी सरकारी खर्चाने करणं आपल्या देशाला जड नाही. तपासाची मागणी करणारा माणूस वनस्पतींचा वैरी नसतो.

तोवर ज्याला फीव्हरफ्यू घेऊन पाहायचंच आहे, त्याने काय करावं? आधी निदान पक्कं करून घ्यावं. अचानक उठलेली, आयुष्यातली सर्वात तीव्र डोकेदुखी, तापासोबत मान आखडणं, हातापायातली शक्ती जाणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यांत झाडपाला आणि प्रतिबंधक गोळी दोन्ही बाजूला ठेवून लगेच रुग्णालय गाठावं. अर्धशिशी नक्की असेल, तर औषध सुरू करण्याआधी निदान एक महिना डोकेदुखीचे दिवस आणि घेतलेल्या गोळ्या वहीत लिहाव्यात, नाहीतर तुलना कशाशी करणार? ज्या उत्पादनावर अर्काचा प्रकार आणि पार्थेनोलाइडचं प्रमाण लिहिलेलं आहे तेच निवडावं, आणि आपल्या डॉक्टरांना ते दाखवावं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हे विशेष महत्त्वाचं. गरोदरपणात ते घेऊ नये, कारण गर्भाशय आकुंचन पावण्याची भीती असते. अर्धशिशी पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जवळपास तिप्पट असते आणि तिचा जोर मूल होण्याच्या वयात जास्त असतो, म्हणजे ज्यांना हे औषध सर्वाधिक हवंसं वाटेल त्यांनाच ही सूचना सर्वाधिक लागू आहे. ताजी पानं चावणाऱ्यांना तोंड येण्याचा त्रास बऱ्यापैकी होतो. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी आणखी एक. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलेलं आणि नंतर देशभर फोफावलेलं गाजरगवत फीव्हरफ्यूच्याच कुळातलं आहे, आणि ज्या द्रव्यामुळे त्याची अ‍ॅलर्जी होते ते पार्थेनोलाइडच्या जातीचंच आहे. शेतात गाजरगवत उपटताना ज्यांचे हात-मान लाल होऊन खाजतात, शेवंती हाताळताना ज्यांना त्रास होतो, त्यांनी या कॅप्सूलच्या वाटेला जाऊ नये. बाकीच्यांनी तीन-चार महिने वही ठेवून पाहावं. झटके पहिल्या महिन्याच्या तुलनेत ठळक कमी झाले नाहीत तर औषध बंद करावं, पण एकदम नाही. काही आठवड्यांत मात्रा उतरवत न्यावी. मधेच लघवी गडद पिवळी झाली, डोळे पिवळे दिसले किंवा अन्नावरची वासना उडाली, तर मात्र त्याच दिवशी थांबून यकृताची तपासणी करून घ्यावी, आणि काय घेत होतो हे बाटलीसकट डॉक्टरांना सांगावं. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय यंत्रणा गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगाकडे आहे, आयुष औषधांसाठी वेगळी व्यवस्था दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेत आहे, आणि तिथे कळवण्याचा अधिकार डॉक्टरांइतकाच रुग्णालाही आहे.